भांडण मिटवणारं घर: सोलापुरातल्या ख्रिस्ती आईवडिलांसाठी

मुलं संडे स्कूलला वेळेवर जातात, उपासना चुकत नाही, मंडळीची वर्गणी थकत नाही, आणि घरी मात्र आई-पप्पांचा चार दिवस अबोला चाललेला असतो. अशा घरातलं मूल क्षमेबद्दलची वचनं पाठ म्हणून दाखवतं, पण क्षमा मागतात कशी हे त्यानं कधी पाहिलेलंच नसतं. भांडण कुणाच्या घरात होत नाही? ते किती वेळात मिटतं आणि मुलांच्या देखत मिटतं का, यावर संसार आणि मुलांचं वळण दोन्ही ठरतं. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा त्याला दिली आहे. प्रार्थना, पैसा, शिस्त आणि मोबाइल त्याच्या अनुषंगानं येतील.

आठवड्यातून अर्धा तास, दोघांचा

"गॅस संपत आलाय", "फी भरली का", "पाणी किती वाजता सुटणार" एवढंच बोलणं उरलं की नवरा-बायको एकाच घरात राहणारे दोन व्यवस्थापक होतात. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळं घर पाण्यामागे धावतं. त्यात नवरा यंत्रमागावर रातपाळीला, किंवा बायको नर्स आणि ड्यूटी सारखी बदलणारी. "वेळ मिळाला की बोलू" असं म्हटलं तर तो वेळ मिळत नाही. ड्यूटीचा तक्ता हातात आला की त्याच दिवशी पुढच्या आठवड्यातला अर्धा तास ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा. पाण्याचा दिवस आणि पगाराचा दिवस टाळा. पगाराच्या दिवशी बोलणं हमखास पैशावर घसरतं.

घर एका खोलीचं असेल, सासू-सासरे तिथेच असतील, तर बाहेर पडा. मुलं झोपल्यावर गच्ची चालेल, नाहीतर कंबर तलावाच्या काठानं संध्याकाळी एक फेरी. मोबाइल घरी ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगा, "आई, आम्ही अर्धा तास जाऊन येतो, मुलांकडे बघा." न सांगता गेलात तर सासूबाईंना वाटतं की आपल्याविरुद्ध काही शिजतंय.

पहिली दहा मिनिटं प्रत्येकी पाच. आठवड्यात काय बरं वाटलं, काय जड गेलं, एवढंच सांगायचं. दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, शेवटी "म्हणजे तुला असं वाटलं, बरोबर?" एवढंच विचारायचं. पुढची दहा मिनिटं अडलेल्या एका विषयाला. एकालाच. दुसरा विषय निघाला की तो कागदावर लिहून पुढच्या आठवड्याला ठेवायचा. मग पाच मिनिटं पुढच्या आठवड्याची कामं वाटून घ्या आणि उरलेल्या वेळात एकमेकांसाठी मोठ्यानं प्रार्थना करा, दोन-दोन वाक्यांची.

हे दोन-तीन आठवड्यांत मोडतं ते बहुधा एकाच कारणानं: हा वेळ तक्रारींची सुनावणी होऊन बसतो. बायकोला किंवा नवऱ्याला त्या अर्ध्या तासाची धास्ती वाटायला लागली तर महिनाभर अडलेले विषय बंद ठेवा. फक्त ऐकणं आणि प्रार्थना.

नवरा पुण्याला नोकरीला असेल तर गोष्ट आणखी नाजूक. हुतात्मा एक्स्प्रेसनं शनिवारी रात्री येणारा माणूस सोमवारी पहाटे निघतो. मधला एकमेव रविवार उपासना, कमिटीची मीटिंग आणि नातेवाईक यांत संपतो. अशा घरानं रविवारी दुपारी दोन ते चार कुणालाही न देण्याचं ठरवावं, मंडळीलासुद्धा. पहिल्या तीमथ्य पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळी सांभाळणाऱ्याला आधी स्वतःचं घर सांभाळता आलं पाहिजे असं म्हटलंय. पाळकांनी आणि कमिटीतल्या मंडळींनी ते स्वतःला लावून पाहावं. सगळ्यांच्या घरी प्रार्थनेला जाणाऱ्यांचीच घरं अनेकदा एकटी पडतात.

भांडण मिटवायचं कसं

आवाज चढला, छातीत धडधडायला लागलं, "तू नेहमीच" आणि "तुझ्या माहेरचे" हे शब्द तोंडात आले, की थांबायची वेळ झाली. या अवस्थेत समोरच्याचं बोलणं कानावर पडतं पण डोक्यात शिरत नाही. शरीर शांत व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात, कधी जास्त. थांबताना परत बोलायची वेळ सांगायची: "मला आत्ता राग आलाय, साडेनऊला बोलू." वेळ न सांगता उठून गेलात तर त्याला समोरचा माणूस टाकून जाणंच समजतो. आणि साडेनऊ म्हणजे साडेनऊ. ज्यानं थांबवलं त्यानंच बोलणं पुन्हा सुरू करायचं. त्या मधल्या वेळात आईला, बहिणीला फोन करून आपली बाजू मांडत बसू नका. तुमचं मिटतं, तिकडे मात्र सहा महिने धुमसत राहतं.

माफीचे चार भाग असतात आणि चारही लागतात. मी काय केलं ते नेमकं सांगायचं: "काल मी तुझ्या भावासमोर तुझ्या पगारावरून बोललो." त्यानं तुला काय झालं असेल ते म्हणायचं: "तुझा अपमान झाला." मग "माझं चुकलं, मला क्षमा कर." आणि शेवटी पुढे काय करणार: "पैशाचं बोलणं आपण दोघं असतानाच करू." मध्ये "पण" आला की सगळं वाया. "माझं चुकलं, पण तू पण..." ही माफी नव्हे, पुढच्या भांडणाची सुरुवात आहे.

ऐकणाऱ्यालाही एक काम आहे. "जाऊ दे, असू दे" म्हणून विषय झाकू नका. क्षमा केली असेल तर तसं शब्दांत म्हणा. अजून दुखत असेल तर "क्षमा केलीय, पण मला थोडा वेळ लागेल" असं खरं सांगा.

इफिसकरांस पत्र ४:२६ मध्ये राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका असं आहे. त्याचा अर्थ रात्री दोनपर्यंत जागून भांडण निकाली काढायचं असा घेऊ नका. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला त्या वेळी नीट विचार करता येत नाही. त्या रात्री एवढंच म्हणा, "हा विषय अजून मिटलेला नाही, उद्या संध्याकाळी बोलू, पण मी तुझ्यासोबत आहे." वैर झोपेपर्यंत न्यायचं नाही, तोडगा उद्या निघाला तरी चालतो.

आता मुलांचं. मुलांसमोर भांडण झालं असेल तर ते मिटलेलंही मुलांसमोर दिसलं पाहिजे. खोलीत जाऊन मिटवलंत आणि बाहेर येऊन हसायला लागलात, तर मुलाला मधला पूल दिसतच नाही. कारणं सांगायची गरज नाही. जेवताना एक वाक्य पुरे: "सकाळी मी मम्मीवर ओरडलो. ते चुकलं होतं. मी मम्मीची माफी मागितली." आणि मुलावर विनाकारण ओरडला असाल तर मुलाचीही माफी त्याच चार भागांत मागा. यानं बापाचा मान कमी होतो ही भीती खोटी आहे. मत्तय ५:२३-२४ मध्ये अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलंय. रविवारी सकाळी चर्चला निघताना गाडीवर एकमेकांशी न बोलणाऱ्या जोडप्यानं ते वचन त्याच सकाळी पाळावं, उपासनेला दहा मिनिटं उशीर झाला तरी हरकत नाही.

जे भांडण नसतं

मारणं, धमकावणं, पैसे हिसकावणं, घरात कोंडणं, इच्छेविरुद्ध शरीरसंबंध लादणं याला वर सांगितलेलं काहीही लागू नाही. पहिल्या करिंथ पत्राचा सातवा अध्याय दाखवून बायकोवर जबरदस्ती करणारे आहेत. त्याच अध्यायात नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा अधिकार आहे असंही लिहिलंय आणि दूर राहायचं तर दोघांच्या संमतीनं असं म्हटलंय. "सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल" हा सल्ला मार खाणाऱ्या बाईला कुणीही देऊ नये. ती आधी सुरक्षित जागी पोचली पाहिजे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. क्षमा करणं आणि त्याच घरात परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट वागणं बराच काळ बदललेलं दिसल्याशिवाय होऊ नये.

दारू हे मूळ असेल तर फक्त शपथा घेऊन भागत नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हातपाय थरथरणं, भास, झटके येऊ शकतात, म्हणून सोडताना डॉक्टर लागतोच. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखवा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. प्रार्थना चालू ठेवून उपचार घ्यायचे. दोन्ही.

घरची प्रार्थना, बारा मिनिटांची

कौटुंबिक प्रार्थना बंद पडते ती लांबल्यामुळे. पाऊण तासाची प्रार्थना चार दिवस टिकते, बारा मिनिटांची वर्षभर. गाण्याचं एक कडवं, ना. वा. टिळकांची भजनं मुलांच्या तोंडी लवकर बसतात. मग दहा-बारा वचनांचं वाचन, एक प्रश्न, आणि प्रत्येकाची एकेका वाक्याची प्रार्थना. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. त्यात १६ अध्याय आहेत, गोष्टी भरभर पुढे जातात, आणि या वेगानं दोन-सव्वादोन महिन्यांत पुस्तक पूर्ण होतं. मुलांना काहीतरी पूर्ण केल्याचा आनंद मिळतो. प्रश्न परीक्षेचा नको. "शिष्यांची नावं सांग" यापेक्षा "वादळात तू नावेत असतास तर काय केलं असतंस?" असा विचारा. पाच वर्षांखालच्या मुलासाठी तीन-चार मिनिटं पुष्कळ झाली. त्यानंतर ते खेळायला गेलं तर जाऊ द्या.

घरात आजी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी असेल, आणि सोलापुरात अशी घरं पुष्कळ, तर तिनं तिच्याच भाषेत प्रार्थना करावी. दुसऱ्या तीमथ्य पत्रात तीमथ्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये होता असं लिहिलंय. आजीला कोपऱ्यात बसवून ठेवू नका, वाचनानंतर तिला बोलू द्या.

एक सवय मात्र कटाक्षानं टाळा: प्रार्थनेतून टोमणे. "प्रभू, या घरातल्या काहींना लवकर उठायची बुद्धी दे." "प्रभू, माझ्या बायकोला नम्रता शिकव." मुलांना हे लगेच कळतं आणि प्रार्थना म्हणजे डोळे मिटून घेतलेली खरडपट्टी असं त्यांच्या मनात बसतं. तक्रार असेल ती आधी त्या माणसाजवळ बोला. दोघांच्या पाळ्या जुळत नसतील तर रोजचा हट्ट धरू नका. आठवड्यातून चार दिवस जमलं तरी उत्तम, आणि घरी असलेल्या एकानं ती चालू ठेवावी.

पैसा

थोडक्यात सांगतो. पगार आला की त्याच दिवशी दोघांनी मिळून वाटण्या करायच्या: घरखर्च, हप्ते, मुलांची फी, अर्पण, अडचणीचा साठा. महिन्याला २४,००० येत असतील तर १,५०० रुपये आधी अडचणीच्या साठ्यात टाका, उरले तर टाकू असं म्हणू नका. दोघांनाही हिशेब न देता खर्च करायला थोडी रक्कम हवी, ३०० का असेना, आणि दोघांना सारखी.

दशमांशावरून, म्हणजे कमाईचा दहावा भाग मंडळीला देण्यावरून, पुष्कळ घरांत धुसफुस होते. एकजण भावनेच्या भरात कबूल करतो आणि दुसऱ्याला पावती दिसते तेव्हा कळतं. दुसऱ्या करिंथ पत्रात (९:७) प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा दबावाखाली नव्हे, असं आहे. संसारात ते ठरवणं दोघांचं. बचत गटाचं किंवा फायनान्सचं कर्ज, भिशी, नातेवाइकाला जामीन राहणं, यातलं काहीही जोडीदाराला न सांगता करू नका. लपवलेलं कर्ज उघडं पडतं तेव्हा रकमेपेक्षा खोटेपणा जास्त काळ टोचतो. नाताळच्या खरेदीचा आकडा आणि त्या दिवशी कुणाच्या माहेरी-सासरी जायचं हे नोव्हेंबरातच ठरवून टाका.

शिस्त, मार न देता

"छडी आवरतो तो मुलाचा द्वेष करतो" हे नीतिसूत्रांतलं वचन पुष्कळ आईवडिलांना पाठ असतं. त्याच पुस्तकात मृदू उत्तरानं राग निवतो असंही आहे, आणि पौल बापांना दोनदा बजावतो, इफिस ६:४ मध्ये आणि कलस्सै ३:२१ मध्ये, की मुलांना चिरडीला आणू नका, ती खचून जातील. शाळेत मुलाला मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी घातली आहे. घरात मारलेलं मूल चूक काय होती ते विसरतं, मार लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी चूक करणं थांबवत नाही, सांगणं थांबवतं. पंधराव्या वर्षी ज्या गोष्टी त्यानं तुम्हाला सांगायला हव्यात त्या तो तेव्हा लपवतो.

मग करायचं काय? घरातले नियम पाचपेक्षा जास्त नकोत आणि ते दोघांनी आधी आपसात ठरवायचे. नियम मोडला तर काय होईल हेही आधीच सांगून ठेवायचं, आणि ते चुकीशी जोडलेलं असावं. दूध मुद्दाम सांडलं तर पुसायचं. बहिणीची वही फाडली तर स्वतःच्या खाऊच्या पैशातून नवी आणायची. सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त मोबाइल पाहिला तर उद्या तेवढा कमी. तीन-चार वर्षांचं मूल आकांत करत असेल तर वयाच्या वर्षाला एक मिनिट या हिशेबानं त्याला शांत जागी बसवा आणि तुम्हीही जवळच बसा. "उपाशी ठेवीन", "घरातून हाकलीन", "येशू तुझ्यावर रागावेल" या धमक्या कधीच नकोत. तिसरी सगळ्यात वाईट, कारण मूल देवाकडेही जायला घाबरतं.

शिस्त कोलमडते ती बहुधा आईवडिलांच्या फुटीमुळे. आई नाही म्हणाली की मूल पप्पांकडे, पप्पा नाही म्हणाले की आजीकडे. यावर एकच नेमका प्रश्न: "मम्मी काय म्हणाली?" ती नाही म्हणाली असेल तर मुलासमोर नाहीच. पटलं नसेल तर रात्री दोघं बोला, आणि निर्णय बदलायचा झाला तर तो ज्यानं घेतला त्यानंच मुलाला सांगावा. आजी-आजोबांनाही नियम सांगा, पण मुलांसमोर त्यांना खोडू नका.

शिक्षा झाल्यावर दिवस संपायच्या आत मुलाला जवळ घ्या आणि विषय संपला असं सांगा. आठवड्यानं तीच चूक उगाळत बसलात तर क्षमेबद्दल सांगितलेलं सगळं त्याला खोटं वाटतं. आणि पाळकांच्या मुलाशी, संडे स्कूलमध्ये बक्षीस मिळवणाऱ्या मुलीशी तुलना नको.

मोबाइलचं मोजमाप जागतिक आरोग्य संघटनेनं दिलंय: दोन वर्षांखाली शक्यतो अजिबात नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. मोठ्या मुलांसाठी जेवताना आणि झोपायच्या खोलीत मोबाइल नाही, हा नियम मोठ्यांनीही पाळला तरच चालतो.

गड्डा, प्रसाद आणि शेजार

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रा भरली की गड्ड्यावरच्या, म्हणजे यात्रेच्या जत्रेतल्या, पाळण्यांसाठी मुलं हट्ट धरणारच. शेजारून गणपतीचा प्रसाद येणारच. याबद्दल मंडळ्यांच्या भूमिका वेगवेगळ्या आहेत. पहिल्या करिंथ पत्राचे आठवा आणि दहावा अध्याय दोघांनी एकत्र वाचा, हवं तर पाळकसाहेबांशी बोला आणि एक उत्तर ठरवा. मुलाला आईकडून एक आणि बापाकडून दुसरं उत्तर मिळू नये. नाही म्हणायचं ठरलं तर शेजाऱ्यांना कसं म्हणायचं तेही शिकवा: "काकू, धन्यवाद, आम्ही हे घेत नाही, पण तुमच्याकडच्या शेंगाचटणी-भाकरीला कधीही बोलवा." शेजाऱ्यांच्या देवाची चेष्टा घरात एकदाही होऊ देऊ नका. मुलं ती शाळेत जशीच्या तशी बोलतात, आणि ज्यांनी आपल्याला अडीअडचणीत हात दिला त्यांची मनं दुखावतात.

मोठी होणारी मुलं

बारा-तेराव्या वर्षापासून मुलं विचारायला लागतात: आजीसाठी एवढी प्रार्थना केली, मग ती का गेली? सगळे मित्र नरकात जाणार का? "असं विचारू नये" म्हणालात की प्रश्न संपत नाही, तुम्हाला विचारणं संपतं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. तेरावं स्तोत्र "किती वेळ, हे परमेश्वरा" अशा तक्रारीनंच सुरू होतं. ते त्यांच्याबरोबर वाचा. या वयात उपासनेला यायचा आग्रह जरूर धरा, पण साक्ष द्यायला किंवा मोठ्यानं प्रार्थना करायला जबरदस्ती नको. आईनं किंवा बापानं प्रत्येक मुलाबरोबर महिन्यातून एकदा एकट्यानं बाहेर जावं. गाडीवर पुढे-मागे बसलेलं असताना मुलं समोरासमोर बसल्यापेक्षा जास्त बोलतात.

शरीराबद्दल, वयात येण्याबद्दल आठव्या-नवव्या वर्षापासून आईवडिलांनीच बोलावं. कुणी नको तसा हात लावला, मग तो नातेवाईक असो की मंडळीतला माणूस, तर लगेच सांगायचं आणि तुझ्यावर रागावणार नाही, हे मुलाला अनेकदा सांगितलेलं असावं. तसं काही कळलं तर मंडळीची अब्रू म्हणून झाकू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे; चाइल्डलाइन १०९८.

मदत कधी घ्यायची

एकच भांडण तीन महिने फिरून फिरून येत असेल, अबोला आठवड्यापेक्षा लांबत असेल, किंवा दोघांपैकी एकाला झोप, भूक, कामात मन राहिलेलं नसेल, तर तिसरा माणूस शोधा. विवाहित, दोघांपैकी कुणाचाही नातेवाईक नसलेला, आणि ऐकलेलं पोटात ठेवणारा. पाळकांकडे जाणार असाल तर दोघांनी मिळून जा आणि बसायच्या आधीच विचारा की हे प्रार्थना सभेत विनंती म्हणून सांगितलं जाणार नाही ना. उदासी खोल असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. जोडीदार यायला तयार नसेल तर एकट्यानं जा; निदान तुमच्या बाजूनं माफी कशी मागायची आणि कुठे थांबायचं हे ठरवता येईल.